तोंड डोंगराकडे

मित्रांनो, जरा मागे सरा, चटका बसेल. मी जुनं वाफेचं इंजिन आहे खरं, पण अजून गार पडलेलं नाही. पोटात निखारे आहेत, अंगात पाणी कढतं आहे. माझी गोष्ट ऐकायची असेल तर हातभर लांब बसून ऐका.

व्याकरणाच्या पुस्तकात इंजिन म्हणजे ‘ते’. पण खाणीवरच्या माणसांनी पहिल्याच दिवशी मला धुरपी अशी हाक मारली आणि मी ‘ती’ झाले. हाक मारणाऱ्याचा मान ठेवावा लागतो. तेव्हा धुरपीच बोलते आहे असं समजा.

मी अंगाने लहान. आगगाडीच्या मोठ्या इंजिनाशेजारी मला उभं केलंत तर हत्तीच्या पायाशी शेळी बांधल्यासारखं दिसेल. चार चाकं, एक उंच धुराडं, पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. माझे रूळ इतके जवळजवळ की तुमच्यातलं कुणीही दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून आरामात उभं राहील. स्टेशन, तिकीट, हिरवा झेंडा हे मी नुसतं ऐकून आहे. आम्ही कारखान्यांची आणि खाणींची इंजिनं. आम्हाला निरोप द्यायला कुणी फलाटावर येत नाही. आम्ही सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळी घरी येतो, तुमच्या आईबाबांसारखी.

मला घडवलं एका लांबलचक, काळवंडलेल्या कारखान्यात. एक जण तापून लाल झालेली रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा जाड खिळा, चिमट्याने फेकायचा, दुसरा ती पत्र्याच्या डब्यात झेलायचा, तिसरा तिच्यावर घण घालायचा. फेक, झेल, ठाण. फेक, झेल, ठाण. तुम्हाला पाळण्यात अंगाई मिळाली, मला ही मिळाली. अजूनही लांब कुठे ठाकठोक ऐकू आली की माझ्या पत्र्याला आतून गुदगुल्या होतात.

माझी पहिली नोकरी विटांच्या कारखान्यात. तिथली जमीन पोळपाटासारखी सपाट. तळ्याकाठची माती उचलायची, साच्यांपाशी नेऊन टाकायची. तोंड इकडे असो की तिकडे, काही बिघडत नसे. पण माती संपली, कारखान्याला कुलूप लागलं आणि मला खाणीला विकून टाकलं. सामान गुंडाळून भाडेकरू निघावा तशी मी निघाले. आमच्यासारख्या इंजिनांच्या नशिबी हे असतंच. एका जन्मात तीन तीन घरं, आणि प्रत्येक घरी नवं नाव.

ही खाण चुनखडीची. खाण डोंगरमाथ्यावर आणि चुन्याच्या भट्ट्या पायथ्याशी. मधली सगळी वाट चढाची. मालाच्या उघड्या डब्याला वाघीण म्हणतात. रिकाम्या वाघिणी मी नाकाने ढकलत वर न्यायच्या आणि दगडांनी भरलेल्या त्याच वाघिणी त्याच नाकाने थोपवत खाली आणायच्या. शेळीएवढी मी, पण रोज वाघिणी हाकत होते, हे लक्षात असू द्या.

माझ्या ड्रायव्हरला सगळे दादा म्हणत. रुंद हाताचा, कमी बोलणारा माणूस. पण बोलला की ऐकणाऱ्याची टोपी उडायची. एकदा एक नवा कोळसेवाला कामावर आला आणि त्याने विचारलं, “दादा, हिचं तोंड सदानकदा डोंगराकडेच का? येताना बिचारीला उलटं चालावं लागतं.”

दादांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरली आणि तिरपी केली. “पाणी कुठं गेलं?”

“खालच्या टोकाला.”

“हिची भट्टी मागे, आपल्या पायाशी. धुराडं पुढे. तोंड चढाकडे असलं की पाणी मागे येतं आणि भट्टीच्या माथ्यावर पांघरूण घालतं. ते पांघरूण सरकलं की माथा लाल होतो.”

“आणि मग?”

“मग तुझ्या बायकोला कळवायला मी उरत नाही.”

कोळसेवाल्याने पुन्हा कधी विचारलं नाही. पण घाबरू नका. माझ्या भट्टीच्या माथ्यात शिशाचं एक लहानसं बूच बसवलेलं आहे. पाणी हटलं की शिसं आधी वितळतं आणि त्या भोकातून वाफ सुटून आग विझवते. तो माझ्या घरातला पहारेकरी. दादांच्या हाताखाली त्याला एकदाही उठावं लागलं नाही.

तर माझं तोंड कायम डोंगराकडे. वळायला तिथे जागा नव्हती आणि मला वळायचंही नव्हतं. चढाच्या पायथ्याशी दादा क्षणभर थांबायचे, माझ्या कुशीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, “चल बाई.” मग मी निघायचे. शेवटच्या वळणावर, अगदी रुळांच्या कडेला, दादांचं घर होतं. तिथे एक लहान शिट्टी द्यायची. ती ऐकली की वहिनी, म्हणजे दादांची बायको, चूल पेटवायच्या. खाणीवर वाघिणी भरून होईपर्यंत दादांचं ताट वाढलेलं असायचं. माझा धूर वर जायचा आणि शेजारी त्यांच्या चुलीचा. वाऱ्यावर दोन्ही एकमेकांत मिसळायचे. त्यातला माझा कोणता, त्यांचा कोणता, हे मलाही सांगता येत नसे.

वाघिणी भरणाऱ्या बायका मला ओवाळण्याइतक्या हौशी नव्हत्या. पण थंडीत माझ्या टाकीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “धुरपे, सासरी-माहेरी कुणी इतकी ऊब दिली नाही गं.” मित्रांनो, याहून मोठं कौतुक मला नकोच होतं.

मग डिझेलचं इंजिन आलं. एका किल्लीने सुरू व्हायचं. त्याला ना कोळसा लागायचा, ना पहाटे उठून आग पेटवणारा माणूस. माणसांनी त्याला नाव काही ठेवलं नाही, नुसतं ‘डबडं’ म्हणायचे. पण काम त्यालाच मिळालं. मी पत्र्याच्या छपराखाली गेले. दादांनी शेवटच्या दिवशी माझी पितळी शिट्टी काढून घेतली. म्हणाले, “चोरानं न्यायच्या आधी मीच नेतो. ठेव म्हणून नेतोय, विसरू नकोस.” मी कसली विसरते!

पुढे दादा गेले. कोळसेवाला दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेला. खाणही थांबली आणि डबड्याला कुणीतरी विकत नेलं. धुराड्यात साळुंक्यांनी संसार थाटला. वेलींनी चाकं बांधली. जो येईल तो माझ्या अंगावर खडूने काहीतरी लिहून जायचा, आणि त्यात शुद्धलेखन धड असेल तर शपथ. गंज म्हणजे काय असतं सांगू? तो दुखत नाही. तो नुसता हळूहळू पटवत राहतो, की आता राहू दे. मी त्याचं ऐकलं नाही. एकेक रिव्हेट घट्ट धरून उभी राहिले.

आणि एक दिवस छपरात एक बाई शिरली. डोक्याला रुमाल, हाताला भाजल्याचे डाग. तिने माझ्या कुशीवर थाप मारली. थाप ओळखीची होती, हात नवा होता. ती दादांची मुलगी, ठिणगी. लहानपणीच मावशीकडे शिकायला गेलेली. पुढे वेल्डर झाली, मोठमोठ्या टाक्या जोडल्या. म्हणून कामावरच्यांनी हे नाव ठेवलं.

तिच्यामागून भंगारवाले काका आत आले. माणूस सभ्य. बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक करून म्हणाले, “ताई, लोखंड चांगलं आहे. रूळ आणि ही, दोन्ही एकदमच उचलू म्हणतो.”

“काका, हात काढा. जिवंत आहे ती.”

“जिवंत? हिच्या नाकात पक्षी राहतात!”

“तुमच्या कानात केस आहेत, म्हणून तुम्हाला झाडात धरायचं का?”

काका खो खो हसले. पण व्यवहार व्यवहाराच्या जागी होता. डोंगराच्या नव्या मालकांनी अट घातली होती. पावसाळ्याआधी मी माणसांचा एक डबा वरच्या वस्तीपर्यंत चढवून दाखवायचा, तोही बॉयलर तपासणाऱ्या साहेबांसमोर. चढवला तर रूळ राहतील, फिरायला येणाऱ्यांसाठी गाडी चालेल आणि वस्तीलाही बाजारात यायला तिचा उपयोग होईल. वस्तीची पक्की सडक डोंगराला अख्खा वळसा घालून येते. म्हाताऱ्या माणसांनी तेवढं चालायचं तरी कसं? नाही चढवला, तर काकांची माणसं हातोडे घेऊन तयारच.

ठिणगीने मला शहरातल्या कर्मशाळेत नेलं. मला उघडलं, खरवडलं, नळ्या बदलल्या. साळुंक्यांची पिल्लं उडून जाईपर्यंत मात्र तिने धुराड्याला हात लावू दिला नाही. मी परत आले ती ट्रकवर बसून, नवा काळा रंग लावून. पायथ्याच्या आवारात मला रुळांवर उतरवायची वेळ आली तेव्हा क्रेनवाल्याने विचारलं, “ताई, तोंड कुठं करू?”

ठिणगी म्हणाली, “बाजाराकडे करा. लोक येतील ते तिकडूनच. आधी तिचं तोंड दिसू दे, पाठ नको.”

किती प्रेमाने बोलली! पण त्याने माझी पाठ डोंगराकडे होणार होती. मित्रांनो, लोखंडाला शिट्टी असते, जीभ नसते. माझी तर तेव्हा शिट्टीही वहिनींच्या स्वयंपाकघरात फळीवर होती. मी कुणाला सांगणार? आवारात जमीन सपाट. तिथे मी छान पुढे-मागे चालले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. माझं सगळं लक्ष पाठीमागच्या चढाकडे.

चाचणीचा दिवस उजाडला. डबा माझ्या पाठीला जोडला. बॉयलरसाहेब कमरेवर हात ठेवून ठिणगीशेजारी उभे. तिने काचेच्या नळीत पाणी पाहिलं, अर्ध्याच्या वर होतं. दांडा ओढला. मी पाठमोरी चढाला लागले. आणि पाणी, ज्याचा स्वभाव कुणी बदलू शकत नाही, ते सगळं माझ्या नाकाकडे धावलं. काचेतलं पाणी खाली खाली जात दिसेनासं झालं. भट्टीचा माथा उघडा पडला. मी रेटा लावत होते, कारण थांबणं माझ्या हातात नाही. पण माझा पहारेकरी जागा होता. शिसं वितळलं. वाफ गर्जत भट्टीत शिरली, राखेचा लोट बाहेर आला आणि आग मेली.

ठिणगीने ब्रेक आवळला. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्यांची तोंडं चुन्याच्या भट्टीतून काढल्यासारखी झाली.

“पाणी कमी पडू दिलंत तुम्ही,” साहेब चष्मा पुसत म्हणाले.

“साहेब, तुमच्यासमोर पाहिलं. अर्ध्याच्या वर होतं.”

“मग गेलं कुठं?”

ठिणगीने काचेची नळी पुसून पुन्हा पाहिली. मला हळूहळू घरंगळत आवारात आणलं. साहेबांनी भट्टीचा माथा विजेरी लावून तपासला. पत्रा शाबूत होता. ते मनाचे कठोर नव्हते. म्हणाले, “नवं बूच बसवा. मी आणखी एकदा येईन. पण फक्त एकदा.” काकांनी तिच्यापुढे पाण्याचा गडू धरला. कधीकधी माणसाचा चांगुलपणा जास्त बोचतो. ठिणगीने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी डोंगर उतरून आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली माझी शिट्टी. इतकी वर्षं राखेने घासून घासून त्यांनी ती सोन्यासारखी ठेवली होती. ठिणगी माझ्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

“रडतेस?”

“धूर गेलाय डोळ्यात.”

“कालचा धूर आजपर्यंत? बरंच टिकाऊ काम करतेस.” वहिनी माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग थांबल्या. “अगं, ही अशी का उभी आहे? रुसल्यासारखी?”

“कशी?”

“डोंगराकडे पाठ करून. आपल्या दारावरून हजारदा गेली असेल, पण मी हिचं तोंड कधी बाजाराकडे पाहिलं नाही. वर जाताना धुराडं आधी, खाली येताना धुराडं शेवटी. तुझे बाबा घरी आले की माझ्याकडे पाठ करून बसायचे, पण हिची पाठ डोंगराकडे कधी होऊ दिली नाही त्यांनी.”

“का पण?”

“मला काय ठाऊक? मी चूल बघायचे. ते त्यांचं काम.”

ठिणगी हळूहळू उभी राहिली. पायरीवर तिची पाण्याची बाटली पडली होती, अर्धी भरलेली. तिने ती उचलली आणि आडवी धरली. आधी एका बाजूने तिरपी केली, मग दुसऱ्या. मी श्वास रोखला. माझा श्वास म्हणजे काय, ते सोडा. पाणी या टोकाला गेलं, त्या टोकाला गेलं. तिने मान वर करून चढाकडे पाहिलं, मग माझ्या भट्टीकडे.

“आई गं,” ती म्हणाली. “मीच हिला उलटी उभी केली.”

“मग सुलटी कर. त्यात रडायचं काय?”

बोलणं सोपं होतं. क्रेन दुसऱ्या कामावर लांब गेली होती आणि महिना सरेपर्यंत येणार नव्हती. इंजिन फिरवायची गोल चकती आमच्या रुळांवर कधीच नव्हती. साहेबांचा दिवस तर अगदी तोंडावर आलेला.

“हातांनी फिरवू,” ठिणगी म्हणाली.

माझं पाणी काढलं, कोळसा काढला, मला हलकं केलं. खाली सागाचे ठोकळे रचले. चार कोपऱ्यांना चार जॅक लावून मला तसूतसूने उचललं. पोटाखाली एक जाड लोखंडी पत्रा, त्यावर थापून वंगण, त्यावर दुसरा पत्रा. त्यावर मला अलगद टेकवलं. आता मी एका बिंदूवर बसले होते, चाकं अधांतरी. उरला फक्त रेटा.

वरच्या वस्तीतून माणसं उतरली. एके काळी वाघिणी भरणाऱ्या त्याच बायका, आता केस पांढरे झालेल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या. भंगारवाले काका आपली साखळी-कप्पी घेऊन आले.

“काका, तुम्ही?” ठिणगीने विचारलं.

“मी माझ्या मालाची काळजी घेतोय,” काका म्हणाले. “पडली-बिडली तर वाकडं लोखंड मला कोण घेईल? ओढा आता.”

आणि वहिनींनी सूर लावला. दगड भरताना बायका गायच्या तोच सूर, शब्द मात्र त्या वेळी सुचले ते.

“फिर गं फिर धुरपे बाई, तोंड कर डोंगराला,
बाजाराशी काय तुझं, पाठ दाव बाजाराला.
फिर गं फिर धुरपे बाई, वळणावर घर माझं,
धूर तुझा येऊ दे गं, चुलीला या सोबत आज.”

प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळ्यांचा एक रेटा. पहिल्या रेट्याला मी हलले नाही. दुसऱ्याला पत्रा कुरकुरला. तिसऱ्याला मी बोटभर सरकले आणि अशी आरोळी उठली की झाडावरची पाखरं उडाली. मित्रांनो, चालणं माझा धंदा आहे. पण त्या दिवशी माणसांच्या तळहातांवर मी चालले. मला प्रत्येक तळहात कळत होता. खरबरीत, भाजलेला, थरथरता, वंगणाने निसरडा. सावल्या लांब झाल्या तेव्हा माझं धुराडं डोंगरासमोर आलं. मी डोंगर पाहिला. डोंगराने मला पाहिलं. दोघंही जुने. ओळख पटायला वेळ लागला नाही.

ठिणगीने शिट्टी माझ्या माथ्यावर बसवली. चाचणीच्या सकाळी वहिनींना डब्यात बसायला सांगितलं तर त्या काठी आपटत म्हणाल्या, “मी नाही बसत. मी पुढे चालत जाते. शिट्टी ऐकली तर चूल पेटवीन. नाही ऐकली तर काल रात्रीचं थंड जेवू, आणि उद्यापासून पुन्हा पायी.” इतकं बोलून त्या निघाल्यासुद्धा.

या वेळी डबा माझ्या नाकापुढे. डब्यात वस्तीची माणसं, आणि पायाशी वाळूचं घमेलं ठेवून काका. साहेब ठिणगीशेजारी, नजर काचेवर. ठिणगीने माझ्या कुशीवर थाप मारली. “चल बाई.” हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते, तरी कुठून आले कोण जाणे.

मी चढाला लागले. पाणी मागे आलं आणि भट्टीवर मायेने पसरलं. काचेत ठळक दिसत राहिलं. साहेबांचे खांदे सैल झाले. अर्धा चढ गेला. मग ते शेवटचं वळण. तिथे रुळांवर दवात भिजलेली चुन्याची भुकटी बसली होती, साबणासारखी. माझी चाकं जागच्या जागी गरगरली. घर्रर्र! डबा मागे रेटू लागला. डब्यात कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं.

“वाळू!” ठिणगी ओरडली.

काका घमेलं घेऊन डब्यातून उडी मारून उतरले. त्यांनी वाळू मुठीमुठीने माझ्या चाकांपुढे टाकली. “चढ गं बये,” ते पुटपुटत होते, “माझं नुकसान झालं तरी चालेल, पण आता चढ.” दाताखाली खडा यावा तशी वाळू चाकाखाली कचकचली. मी पकडलं. मी धरलं. इतकी वर्षं छपराखाली जे रिव्हेटांमध्ये घट्ट आवळून ठेवलं होतं ते सगळं त्या एका रेट्यात सोडलं. एक ठोका. मग दुसरा. फेक, झेल, ठाण. फेक, झेल, ठाण. डबा हलला. झाडं मागे सरकू लागली.

वळण संपलं. ठिणगीने दोरी ओढली, एकदाच, लहानशी.

मी पुढे पाहिलं. कडेच्या घराचं दार उघडं होतं. आधी काहीच दिसलं नाही. मग कौलांतून एक बारीक, निळसर रेघ वर निघाली, डुलली, आणि माझ्या धुरात येऊन मिसळली.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यात धूर गेल्याची तक्रार केली. या घराण्याच्या सोबतीला राहून तेही खोटं बोलायला शिकले.

मित्रांनो, तेव्हापासून मी रोज चढते. वस्तीतली म्हातारी माणसं माझ्यापुढच्या डब्यात बसून बाजाराला जातात आणि भावावरून भांडत परत येतात. काका दर आठवड्याला येतात, माझ्यावर टकटक करतात आणि म्हणतात, “अजून चांगलं आहे लोखंड.” मी त्यांच्या अंगावर थोडी वाफ सोडते.

आता जाता जाता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरी, शाळेत, गल्लीत एखादं जुनं यंत्र बंद पडेल, एखादं जुनं माणूस चिडचिडं होईल, गप्प होईल. सगळे म्हणतील, संपलं हे. तुम्ही घाईने मान डोलवू नका. आधी त्याच्याभोवती एक फेरी मारा, वहिनींसारखी. ते कुठे तोंड करून उभं आहे ते बघा. कदाचित कुणीतरी प्रेमानेच त्याला उलटं उभं केलं असेल. मग चार माणसांना हाक मारा आणि हात लावा. पहिल्या रेट्याला ते हलणार नाही. मीही हलले नव्हते.

बरं, उठा आता, मागे सरा. ठिणगी आली. चूल पेटायची वेळ झाली आहे, आणि मला वळणावर शिट्टी द्यायची आहे.